बाजाराच्या दिवशी गावरस्त्यावर श्वासचाचणी हवी की नको?

कपाशीवाला (यवतमाळ जिल्हा)
पोळ्याच्या करीला आमच्या गावाजवळच्या पुलाला एक दुचाकी धडकली. चालवणारा वाचला, मागे बसलेला त्याचा साळा गेला. अपघात संध्याकाळी सहाचा. चालकाला आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तिथून तालुक्याला नेले, त्यामुळे रक्ताचा नमुना घेतला गेला तो रात्री दहाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्काची मर्यादा आहे, आणि शरीर दर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम संपवते. म्हणजे सहा वाजता ८० वर असलेला माणूस दहापर्यंत २० वर येतो आणि कागदावर निर्दोष ठरतो. आमच्या भागात श्वासचाचणीचे यंत्र दिसते ते महामार्गावर, तेही ३१ डिसेंबरला. माझी मागणी अशी की आठवडी बाजाराच्या दिवशी चार ते आठ या वेळेत गावरस्त्यांच्या तोंडाशी चाचणी व्हावी आणि दुसऱ्यांदा सापडलेल्याची गाडी जागेवरच कायमची जप्त करावी.

एसटीची वाट
आपण जे पाहिले ते वाईटच आहे, परंतु आपला उपाय फक्त गरिबाला पकडणारा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, म्हणजे एका दंडात दोन क्विंटल गेले (आणि हमीभाव किती जणांच्या हाती पडला, ते विचारूच नका). आमच्याकडे शेवटची एसटी पावणेसहाला सुटते आणि बाजार उठतो सातला. त्याच बाजारामागे बाभळीखाली मोहाची दारू प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून, उघड विकली जाते. विकणाऱ्याकडे पाठ फिरवायची आणि पिणाऱ्याला रस्त्यावर अडवायचे, हा न्याय मला पटत नाही.

वर्धाकाठ (चंद्रपूर जिल्हा)
विकणाराच बंद करा, असे म्हणणाऱ्यांनी आमचा अनुभव ऐकावा. आमच्या जिल्ह्यात २०१५ पासून २०२१ पर्यंत दारूबंदी होती. त्या काळात माझ्या ओळखीचे कितीतरी लोक संध्याकाळी वर्धा नदीचा पूल ओलांडून पलीकडे प्यायला जात आणि रात्री तोच पूल दुचाकीवरून परत ओलांडत. पूर्वी हीच मंडळी पायी घरी येत असत. सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारू विकू नये असा आदेश दिला आणि २०१७ मध्ये २०,००० पर्यंत लोकवस्तीच्या ठिकाणी ते अंतर २२० मीटरवर आणले. पिणाऱ्याला एवढे अंतर म्हणजे काहीच नाही. अडवायचे असेल तर गाडीच अडवावी लागेल, म्हणून मी कपाशीवाल्यांच्या बाजूने आहे.

तालुक्याचा वकील
दोन्ही बाजूंनी कायदा आपापल्या सोयीने वाचला आहे. जागेवर कायमची जप्ती कलम १८५ मध्ये नाही. दुसऱ्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही आहेत. हा गुन्हा कलम २०० च्या तडजोडीच्या यादीत नसल्यामुळे दंड रस्त्यावर भरून सुटताही येत नाही, प्रकरण न्यायालयातच जाते. म्हणून नाक्यावर कुणी ‘हजारात मिटवू’ म्हणाले तर तो दंड नव्हे, लाच आहे. अडचण कलम २०२ मध्ये आहे: या गुन्ह्यात अटक केलेल्याची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडून द्यावे लागते. पावसाळ्यात नाल्याला पूर असताना आणि आरोग्य केंद्रात डॉक्टर हजर नसताना हे दोन तास कसे पाळायचे, ते चाचणी मागणाऱ्यांनी आधी सांगावे. शिवाय श्वासाचे यंत्र गांजा पकडत नाही. अमली पदार्थासाठी कलम १८५ मध्ये आकडा नाही, गाडीवर नीट ताबा ठेवता येत नव्हता हे सिद्ध करावे लागते.

डोंगेकरी (भंडारा जिल्हा)
आपण सगळे रस्त्यावरच अडकलात. वैनगंगेवर आम्ही डोंग्याने माणसे पलीकडे नेतो. कलम १८५ मोटार वाहनापुरते आहे. पाण्यावर भारतीय न्याय संहितेचे कलम २८२ लागते, त्यात जीव धोक्यात येईल अशी हयगयीने नौका चालवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, पण मद्यार्काचा आकडा नाही. धुळवडीला नावाडी झुलत होता म्हणून मी स्वतः वल्हे काढून घेतले. त्याच्याविरुद्ध हयगय सिद्ध करायला डोंगा उलटण्याची वाट पाहायची होती काय?

कपाशीवाला
वकीलसाहेब, जप्तीची मागणी मी मागे घेतो. दोन तासांचे म्हणाल तर नाका आरोग्य केंद्राच्या फाटकासमोरच लावावा आणि त्या दिवशी डॉक्टरची रात्रपाळी बांधून द्यावी. आमच्या बाजारापासून केंद्र अर्ध्या किलोमीटरवर आहे. मात्र गरिबीचा मुद्दा मला मान्य नाही, कारण मागे बसलेला तो साळासुद्धा मजूरच होता. त्याच्या बायकोला आता कोणत्या क्विंटलचा हिशेब सांगायचा?

एसटीची वाट
हे उत्तर माझ्याजवळ नाही, हे कबूल करतो. साडेसातची एसटी सुरू झाली तर आपल्या अर्जावर पहिली सही मी करीन. पण प्यालेल्या माणसाला गाडीत चढू द्यावे, एवढे त्या अर्जात लिहा. गेल्या बाजाराला वाहकाने दोघांना पायरीवरूनच खाली उतरवले आणि ते दोघे एकाच मोटारसायकलवर बसून गेले.