ओमाहात मैदानाची मापं तीच, मग होम रन कुठे गेले?

ओमाहाकर
मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. आम्ही ओमाहात (अमेरिकेतलं नेब्रास्का) राहतो, दर जूनमध्ये इथे कॉलेज वर्ल्ड सिरीज (कॉलेज टीमची बेसबॉलची राष्ट्रीय स्पर्धा) असते आणि मुलामुळे आता मलाही बेसबॉलचा चांगलाच नाद लागलाय. ऑफिसातले जुने लोक सांगतात की रोझेनब्लाट स्टेडियमला (२०१० पर्यंत सिरीज तिथे व्हायची, प्राणिसंग्रहालयाला लागून) होम रनचा (बॉल थेट कुंपणापलीकडे मारायचा, क्रिकेटच्या सिक्सरसारखा) नुसता पाऊस पडायचा, १९९८ ची फायनल तर सदर्न कॅलिफोर्नियाने ॲरिझोना स्टेटला २१-१४ अशी हरवली होती. २०११ ला सिरीज डाउनटाउनच्या नव्या मैदानावर आली (आता त्याचं नाव चार्ल्स श्वाब फिल्ड) आणि २०१३ ला अख्ख्या सिरीजमध्ये मोजून ३ होम रन, २०१४ लाही ३!! बरं मापं बघावीत तर दोन्हीकडे सारखीच, बॅटरपासून कुंपण दोन्ही फाउल लाइनवर (कडेच्या रेषांवर) ३३५ फूट, गॅपमध्ये (कड आणि मधल्या भागाच्या मधे) ३७५, सेंटरला (समोर मधोमध) ४०८. मग फरक कशाने पडला? मुलगा रोज विचारतो आणि मला त्याला नीट सांगता येत नाही.

शिवणकाम
निम्मं उत्तर मैदानाच्या बाहेर आहे. ज्या वर्षी स्टेडियम बदललं त्याच वर्षी, म्हणजे २०११ ला, बॅटही बदलली. कॉलेजमध्ये ॲल्युमिनियमची बॅट चालते, पूर्वी तिची पोकळ भिंत बॉल लागला की आत दबायची आणि परत उसळून बॉलला जास्तीचा धक्का द्यायची. २०११ पासून बीबीकोर नावाचं स्टँडर्ड आलं, त्यात हा उसळीचा आकडा ०.५० च्या वर चालत नाही, म्हणजे साधारण लाकडी बॅटच्या जवळपास. त्यामुळे होम रन फक्त ओमाहात नाही तर देशभर कमी झाले, २०१० ला एका टीमचे एका मॅचला सरासरी ०.९४ होते ते एका फटक्यात ०.५२ वर आले आणि २०१४ पर्यंत ०.३९ वर.

मग २०१५ ला बॉल बदलला. आधी कॉलेजचा बॉल उंच शिवणीचा होता, नवा आला तो चपट्या शिवणीचा, व्यावसायिक लीगच्या बॉलसारखा. उंच शिवण हवेत जास्त अडते. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये मशीनमधून दोन्ही बॉल सारख्याच वेगाने (ताशी ९५ मैल), सारख्याच कोनात, सारख्याच स्पिनने उडवून बघितले, तर जुना साधारण ३६७ फूट गेला आणि नवा ३८७. वीस फूट!! तुमच्या गॅपमधल्या ३७५ च्या भिंतीशी हे आकडे ताडून बघा, मुलाला लगेच कळेल. त्या एका वर्षात देशभरची सरासरी ०.३९ वरून ०.५६ झाली, आणि कुठलंही कुंपण एक इंचही पुढे सरकवलं नव्हतं.

दक्षिणवारा
वरचं सगळं बरोबर, पण ओमाहाची खरी गोष्ट वाऱ्याची आहे, ती राहिलीच. मापं सारखी असली तरी मैदानाचं तोंड सारखं नाहीये. रोझेनब्लाटला होम प्लेटवरून (बॅटर उभा राहतो तिथून) सेंटर फिल्डकडे बघितलं की तोंड ईशान्येला यायचं, बहुतेक मैदानं तशीच असतात कारण संध्याकाळचा सूर्य बॅटरच्या डोळ्यात जात नाही. नवं मैदान आग्नेयेकडे तोंड करून बसवलंय. आणि नेब्रास्कात जूनमध्ये वारा मुख्यतः कुठून येतो तर दक्षिणेकडून, तो तिकडे बॅटरच्या पाठीमागून, तिरका लेफ्ट फिल्डकडे जायचा, इकडे तोच समोरून तोंडावर येतो. म्हणजे वारा तोच, गाव तेच, भिंतीवरचा आकडा तोच, फक्त मैदान फिरवलं आणि खेळ पालटला.

आणि वाऱ्याचा हिशोब लोक फार कमी धरतात. ताशी ५ मैल म्हणजे झाडाची पानं हलतील एवढाच वारा, तो पाठीमागून असला तर चारशे फुटांच्या फ्लाय बॉलला (उंच उडवलेल्या बॉलला) साधारण १५ ते २० फूट मिळतात, समोरून असला तर तेवढेच किंवा थोडे जास्तच जातात. दहा-पंधराचा समोरून असला की बॉल बॅटवरून सुटताना अख्खं स्टेडियम उभं राहतं आणि शेवटी सेंटर फिल्डर वॉर्निंग ट्रॅकवर (भिंतीच्या अलीकडच्या मातीच्या पट्टीवर) आरामात कॅच घेतो. तुम्ही दर वर्षी हे बघत असणार.

२०१३ ला यूसीएलए चॅम्पियन झाली ती बघा, ५ मॅचमध्ये १९ रन केले आणि फक्त ४ दिले. बंट टाकायचा (बॅट न फिरवता बॉल हळूच खाली टाकायचा), रनर पुढे सरकवायचा, बाकी पिचर सांभाळतील. मला तो बेसबॉल मनापासून आवडतो, होम रन नाहीत म्हणून रडणाऱ्यांशी मी कायम भांडत आलोय. आणि २०१४ ची शेवटची मॅच आठवा, व्हँडरबिल्ट-व्हर्जिनिया २-२, आठवी इनिंग, व्हँडरबिल्टच्या जॉन नॉरवुडने फास्टबॉल उचलून लेफ्ट फिल्डच्या भिंतीपलीकडे टाकला, ३-२, तीच ट्रॉफी. सिरीजभरात तीनच होम रन होते म्हणून तर त्या एकाला एवढी किंमत.

ओमाहाकर
@दक्षिणवारा कमाल! हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. आत्ता मॅप उघडून बघितलं, खरंच सेंटर फिल्ड आग्नेयेला आहे. मग उकाड्याचं काय? इथे जूनमध्ये इतका दमट उकाडा असतो की सगळे म्हणतात हवा जड झालीये, बॉल जात नाही.

गणपुले_सर
जड वाटते ती आपल्या अंगाला, बॉलला नाही. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते, कारण पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन-ऑक्सिजनच्या रेणूपेक्षा हलका असतो. परिणाम अगदी थोडा, पण बॉलच्या बाजूनेच. उलट बॉल ओलसर जागी ठेवले तर मात्र ते थोडे मऊ पडतात आणि बॅटवरून कमी उसळतात, ती गोष्ट वेगळी.

तापमान जास्त महत्त्वाचं. दर १० अंश फॅरनहाइटला लांब बॉल साधारण ३ ते ४ फूट जास्त जातो. कॉलेजचा सीझन फेब्रुवारीच्या मध्यात सुरू होतो, तेव्हा ४५ अंशात खेळलेली टीम जूनमध्ये ९० अंशात खेळते, म्हणजे नुसत्या उन्हाने पंधराएक फूट. उंचीचं तर विचारूच नका, वर हवा विरळ म्हणून बॉल लांब जातो, कोलोरॅडो स्प्रिंग्जची एअर फोर्स अकॅडमी जवळपास ७,००० फुटांवर आहे, न्यू मेक्सिकोवाले ५,००० च्या वर, टेक्सास टेकचं लबकसुद्धा ३,२०० फुटांवर आणि वर तिथला वारा. तिथल्या बॅटरचे आकडे आणि समुद्रसपाटीजवळच्या बॅटरचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणं मला पटतच नाही. ओमाहा हजारेक फुटांवर आहे, त्यामुळे तुमच्याकडे वारा आणि ऊन हेच दोन मुख्य.

नॉक्सव्हिलची_ताई
मापांना एकदमच काढून टाकू नका हं! आमच्या टेनेसीचं लिंडसे नेल्सन स्टेडियम दोन्ही बाजूंना ३२० आणि सेंटरला ३९० आहे, ओमाहापेक्षा सेंटरलाच १८ फूट कमी. २०२२ ला टीमने १५८ होम रन मारले, २०२४ ला १८४ (एलएसयूचा, म्हणजे लुइझियाना स्टेटचा, १९९७ चा १८८ चा रेकॉर्ड थोडक्यात वाचला) आणि बाहेरचे लोक कायम म्हणायचे की मैदान छोटं म्हणून. पण हीच २०२४ ची टीम तुमच्या त्या ४०८ वाल्या, समोरून वारा येणाऱ्या मैदानावर येऊन टेक्सास ए अँड एमला हरवून चॅम्पियन झाली ना? जोरात मारणारे बॅटर कुठेही मारतात, छोटं मैदान फक्त काठावरचे बॉल पलीकडे नेतं. शिवाय अंतराबरोबर भिंतीची उंची पण बघायची, व्हँडरबिल्टला लेफ्टला ३१० च फूट आहे पण भिंत ३५ फुटी, तिथे सपाट मारलेला चांगला बॉल भिंतीला आपटून डबल (दोन बेसचा फटका) होतो आणि उंच उडवलेला साधा बॉल होम रन.

@ओमाहाकर मुलाला एक काम द्या, मॅच सुरू व्हायच्या आधी झेंडा कुठे फडकतोय ते बघून वहीत लिहायला सांगा, आणि प्रत्येक लांब फ्लाय बॉल कुठे पडला ते पुढे. झेंडा स्टँडच्या वर असतो, खाली ग्राउंडवर वारा थोडा वेगळा असू शकतो, म्हणून बॅटिंग प्रॅक्टिसचे बॉल पण बघायचे.

ओमाहाकर
नक्की ताई, या जूनला वही घेऊनच जातो. उत्तरेकडून वारा आला त्या दिवशीचे आकडे इथेच टाकीन.