पीएचडीचं संशोधन गावाच्या उपयोगी पडायचं असेल तर नक्की काय बदलायला पाहिजे?

शिरोळची_माती
नमस्कार मंडळी, मी कोल्हापुरात पीएचडी करतेय, विषय क्षारपड जमीन. मूळची शिरोळ तालुक्यातली, त्यामुळं हे लहानपणापासून बघत आलेय, उसाला पाटानं पाणी सोडून सोडून चांगल्या काळ्या जमिनी गेल्या, उन्हाळ्यात वर पांढरं मीठ फुटतं, ऊस तर सोडाच, पेरलेलं काहीच धड उगवत नाही. माझं काम म्हणजे मातीचे नमुने आणायचे, पीएच, ईसी (म्हणजे मातीत क्षार किती ते दाखवणारी विद्युतवाहकता), सोडियम काढायचा, आलेख करायचे, पेपर पाठवायचा. काम मला मनापासून आवडतं आणि गाईडपण चांगले आहेत. पण ज्यांच्या रानातनं माती आणली ती माणसं विचारतात की ह्याचं पुढं काय, आणि त्याला माझ्याकडं उत्तर नाही, हे मला फार खुपतंय.

शोधगंगेवर, म्हणजे पीएचडीचे प्रबंध ठेवलेल्या वेबसाईटवर, ह्या विषयावरचे जुने प्रबंध वाचले. जे वाचले ते सगळे इंग्रजीत, आणि शेवटच्या प्रकरणात तेच, जिप्सम वापरा, पाणी कमी द्या, निचरा करा. हे शेतकऱ्याला माहीत नाही असं थोडंच आहे? मग अडतंय कुठं? माझ्यासारख्या एकट्या विद्यार्थिनीला काय करता येईल आणि विद्यापीठांनी काय बदलायला पाहिजे, दोन्हीवर लिहा प्लीज.

मास्तर_राजारामपुरी
प्रश्न फार महत्त्वाचा आहे. मी बरीच वर्षं शिकवतोय, पीएचडीचे विद्यार्थीही आहेत, त्यामुळे आतली बाजू सांगतो. प्राध्यापकाचं प्रमोशन ज्या तक्त्यावर ठरतं तो यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांतला तक्ता एकदा काढून वाच. विज्ञान शाखेत एका पेपरला ८ गुण, कन्सल्टन्सीला ३, राज्य सरकारला धोरणाचा मसुदा करून दिला तर ४. एखाद्या ग्रामपंचायतीचा पाण्याचा प्रश्न वर्षभर बसून सोडवला आणि तो त्यांना मराठीत समजावून दिला तर त्याला वेगळा रकाना मला तरी दिसला नाही. माणसं वाईट नाहीत, पण ज्याला गुण आहेत तेच काम होणार. हा रकाना आला पाहिजे आणि तो भरताना सही गावाची किंवा ज्यांचं काम झालं त्यांची पाहिजे, नुसती प्राचार्यांची नको.

पैशाचंही आहेच. २०२०-२१ ला आपल्या देशाचा संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के होता, दक्षिण कोरियाचा चारच्या वर. त्यातही विद्यापीठांच्या वाट्याला थोडंच येतं. पण पैसा वाढला की आपोआप उपयोगी काम होईल असं मला वाटत नाही.

तुझ्यापुरतं सांगायचं तर २०२२ च्या नियमावलीत प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीनं काढली. आमच्या वेळेपेक्षा तुला थोडी मोकळीक आहे, ती वापर. गाईडशी बोलून एक प्रकरण असं ठेव की ज्याचा प्रश्नच शेतकऱ्यांनी ठरवलेला असेल.

ऊसविकास_कुरुंदवाड
ताई, लई मोलाचा विषय काढलाय. मी एका साखर कारखान्याच्या ऊस विकास विभागात नोकरी केली, आता रिटायर आहे, त्यामुळं जे डोळ्यानं बघितलं ते सांगतो, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

अडतंय कुठं तर शेजाऱ्याच्या बांधावर. जिप्सम टाका म्हणणं सोपं आहे, पण एक तर जिप्सम चोपण जमिनीला, जिथं सोडियम चढलाय तिथं, नुसतं मीठ असलेल्या क्षारयुक्त जमिनीला त्याचा काय उपयोग, आणि दुसरं म्हणजे सुटलेलं मीठ बाहेर काढायला वाट नसली तर टाकलेलं सगळं वाया. वाट म्हणजे जमिनीखाली साधारण चार फुटावर भोकं पाडलेले पाईप, त्यावर जाळी, ते सगळे एका मोठ्या पाईपला जोडायचे आणि पाणी ओढ्याला काढायचं. हे तंत्र काही नवं नाही, कर्नालला १९६९ पासून केंद्र सरकारची क्षारपड जमिनीची संशोधन संस्था आहे, तिथं ह्यावर भरपूर काम झालंय. पण माझं रान दीड एकर, आणि ओढा पलीकडं दहा जणांची रानं ओलांडून. ह्यातला एक जरी म्हणाला माझ्या रानातनं पाईप नाही जाऊ देणार, की संपलं! भाऊबंदकीची जुनी केस असली तर विचारूच नका. शिवाय खर्च एकट्याला झेपत नाही, बँक म्हणते जमीनच नापीक आहे तर कर्ज कशावर देऊ.

मग आपल्याकडं हे झालं कुठं, तर जिथं कारखान्यानं पुढाकार घेतला तिथं. शिरोळच्या दत्त कारखान्यानं शेतकऱ्यांना गटानं एकत्र आणलं, सर्व्हे, कर्ज, पाईप सगळं जुळवलं आणि पड पडलेल्या रानात परत ऊस उभा राहिला, हे तुम्ही पण बघितलं असणार. सायन्स जुनंच होतं, नवीन होती ती माणसं एकत्र आणायची सोय.

म्हणून माझं म्हणणं असं की विद्यापीठानं शेतकऱ्याकडं एकेकट्याकडं जायच्या आधी जी संस्था ते काम उचलू शकते तिच्याकडं जावं. आपल्या भागात कारखाने आहेत, दूध संघ आहेत, गावोगावी सेवा सोसायट्या आहेत, इतकी तयार व्यवस्था देशात किती जिल्ह्यांत असंल? ऊसाची को ८६०३२ जात घ्या, पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रानं आपल्याकडं १९९६ ला दिली, आणि ती पोचली कशी, तर कारखान्याच्या बेणे मळ्यातनं आणि गावोगावच्या गट ऑफिसातनं. चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा उसाच्या नोंदी ठेवणारा माणूस, गावातलाच पोरगा असतो, त्याला कुणाच्या रानात काय लागण आहे सगळं तोंडपाठ. मांजरीच्या व्हीएसआयला (वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, उसावर संशोधन करणारी संस्था) तर कारखानेच टनामागं वर्गणी देतात, मग तिथल्या लोकांना कारखान्याचं ऐकावंच लागतं. विद्यापीठाला असं विचारणारं कोण आहे?

पातळ_थर
वरचं बहुतेक पटलं, पण एक भीती वाटते म्हणून लिहितोय. मी मटेरियल सायन्सवाला आहे. आपल्याकडं थिन फिल्मवर, म्हणजे पदार्थांच्या अतिपातळ थरांवर, खूप वर्षं चांगलं काम चाललंय, आणि 'समाजाला उपयोग काय' हा प्रश्न असाच कडक लावला तर असलं मूलभूत काम पहिलं बंद पडेल. उसाचंच उदाहरण घ्या. तुम्ही लागणीच्या वेळी बेणं ज्या अ‍ॅसिटोबॅक्टरच्या पाण्यात बुडवता तो जिवाणू १९८८ ला ब्राझीलमध्ये उसाच्या आतून वेगळा केला, योहाना डोबेराइनर ह्या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्या हयातभर हवेतला नत्र पकडणाऱ्या जिवाणूंच्या मागे होत्या. सुरवातीलाच त्यांना कुणी म्हणालं असतं की आधी गावाची सही आणा, तर? ब्राझीलपण आपल्यासारखाच विकसनशील देश, पण त्यांनी १९७३ ला एम्ब्रापा ही सरकारी शेती संशोधन संस्था काढली आणि शेती संशोधनाला दमानं पैसा देत राहिले.

त्यामुळं मास्तर, तुमचा रकाना ऐच्छिक असू दे. ज्याला गावात काम करायचंय त्याला पूर्ण मान द्या, पण लॅबमध्ये बसणाऱ्यालाही बसू द्या.

ऊसविकास_कुरुंदवाड
पातळ_थर भावा, हे मला माहीत नव्हतं, लई भारी सांगितलंस. फक्त एवढंच बघ की ब्राझीलचा तो जिवाणू आमच्या बेण्यापर्यंत आला तो इथं कल्चर तयार करणारी लॅब होती आणि कारखाना ते घरपोच देत होता म्हणून. तुझं लॅबचं काम चालूच राहू दे, त्याच्या पुढचा दुवा कुणाच्या तरी गळ्यात घाला एवढंच मागणं आहे.

शिरोली_फौंड्री
शेतीतलं कळत नाही पण आमच्याकडं पण हेच. ओतकामाच्या साच्यात वापरून काळी झालेली वाळू कुठं टाकायची हा इथल्या प्रत्येक फौंड्रीचा रोजचा प्रश्न आहे. पोरं प्रोजेक्टला येतात, सर्टिफिकेटवर सही घेतात आणि जातात. एखाद्यानं सहा महिने शॉपफ्लोअरवर राहून त्या वाळूत बेंटोनाईट किती, कोळशाची पूड किती, पेव्हर ब्लॉकमध्ये किती टक्के घातली तर चालते एवढं जरी नीट काढून दिलं तरी आम्ही आपल्या खिशातनं स्टायपेंड देऊ. तारीख पाळणारं आणि फोन उचलणारं कुणीतरी पाहिजे बस्स.

शिरोळची_माती
सगळ्यांचे मनापासून आभार. ऊसविकास काकांचं वाचून मी परत नमुन्यांची यादी काढून बसले आणि लक्षात आलं की माझे सगळे नमुने बिघडलेल्या रानातले आहेत, पाईप टाकून सुधारलेल्या रानातला एकही नाही. गाईडशी आज बोलले, ते लगेच हो म्हणाले. आता दोन प्रश्न प्रबंधात घ्यायचं चाललंय. एक, निचरा केल्यावर ज्यांनी पाटपाणी तसंच चालू ठेवलं आणि जे ड्रिपवर गेले, त्यांच्या मातीत काही वर्षांनी फरक काय पडला. दुसरा, पाईपच्या तोंडातनं जे खारं पाणी ओढ्याला जातं ते पुढं नदीलाच मिळणार, तर त्यात मीठ किती आणि कुठल्या महिन्यात जास्त. खालच्या अंगाची गावं तेच पाणी उचलतात. काका, हे कुणी मोजलंय का तुमच्याकडं?

आणि मास्तर, मराठीतला सारांश मी प्रबंधाला जोडणारच, शिवाय प्रत्येक गटाला त्यांच्या रानाचा निकाल वेगळा छापून देणार, नियमात असो नसो.

ऊसविकास_कुरुंदवाड
ओढ्याचं पाणी कायम मोजलेलं मला तरी आठवत नाही, सुरवातीला टेस्टिंगला जायचं, पुढं कुणी विचारलं नाही. हा प्रश्न घ्याच ताई, खालच्या गावातली माणसं आता कुरकुर करायला लागलीत. पाईपलाईनचे नकाशे गट ऑफिसात असतात, तुमच्या गाईडचं पत्र घेऊन या, चिटबॉयला मी सांगून ठेवतो, तो प्रत्येक लाईनचं तोंड दाखवंल. पावसाळा लागायच्या आत एक फेरी करा, नंतर ओढ्याला लोंढा आला की तोंडं सगळी पाण्याखाली जातात.