वाळक्या फांदीवरची पंख्यासारखी अळंबी कुठली?

रानवाटा:
परवा दाजीपूरला गेलो होतो, वाटेत पडलेल्या वाळक्या फांदीवर ओळीनं बारकी पांढरट अळंबी दिसली, नखाएवढी, देठ जवळपास नाहीच, वरनं लोकरीसारखी लव आणि आकार हातपंख्यासारखा. त्याच फांदीच्या भेगेतनं केशरी, जेलीसारख्या चपट्या जिभा पण आल्या होत्या. कुणाला ओळखता येतंय का?

भिंगवाला:
भावा, पांढरी बहुतेक शिझोफायलम कम्यून. खालनं बघितलीस का? तिथं पात्या असतात आणि प्रत्येक पातीची कड उभी चिरल्यासारखी दिसते, भिंगातनं लगेच कळतं, तीच खरी खूण. हवा कोरडी झाली की पात्या आत वळतात आणि पाऊस आला की परत उघडतात, म्हणून महिनोन्महिने वाळलेली असली तरी भिजल्यावर परत बीजाणू सोडायला लागते. मला ही लई आवडते!

पावसाळी:
केशरीवाली डॅक्रिओपिनॅक्स वाटतेय, चमच्यासारखी असते आणि सडक्या लाकडावरच येते. पुढच्या वेळी शेजारी नाणं ठेवून वरनं, खालनं, बाजूनं असे तीन फोटो काढा, जमलं तर झाड कुठलं तेही लिहा. फांदी तेवढी घरी आणू नका, अभयारण्य आहे ते.

रानवाटा:
खालनं फोटो नाही काढला, चुकलंच. पांढरी खातात का?

भिंगवाला:
मणिपूरमध्ये खातात, पण फोटोवरनं ओळखून कुठलीच अळंबी तोंडात घालू नकोस. रविवारी परत जाणार असशील तर भिंग घेऊन मी पण येतो.