१५ ऑगस्टच्या नाश्त्याला ब्रेड कुठला? (बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका अपार्टमेंटचा ग्रुप)

ए-१०२ वैनी: सेक्रेटरी काका, राग मानू नका, पण विचारालेय. १५ ऑगस्टच्या सँडविचला परत तोच पांढरा ब्रेड ठरला म्हणे? गेल्या मीटिंगला "सेंद्रिय ब्रेड बघू" असं तुम्हीच लिहिलासा की.

सेक्रेटरी काका: "बघू" लिहिलंय वैनी, "आणू" नव्हे. बघितलं. साधा ४५ रुपये, सेंद्रिय १६०. मेंटेनन्समधनं घातले तर मंडपाच्या वेळेसारखी परत माझ्याच नावानं ओरड.

बी-३०१ सर: ४५ आणि १६०. २० ब्रेड धरले तर फरक २,३०० रुपये. तो कोण देणार?

सी-००३ काका: चौथ्या मजल्यावाल्यांनी द्यावा, लिफ्ट तेच जास्त वापरतात 😄

ए-४०१: काका, लिफ्टचा विषय मिटलाय. परत उकरू नका, विनंती आहे.

बी-१०४ काकू: (बरेचदा फॉरवर्ड केलेला) ब्रेड खाता की कॅन्सर?? ८४ टक्के ब्रेडमध्ये विष!! आपल्या माणसांना वाचवा, पुढे पाठवा 🙏

डॉक्टर वैनी: काकू, हे २०१६ चं आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं दिल्लीतले ब्रेड-पावाचे ३८ नमुने तपासले, त्यातल्या ८४ टक्क्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट, म्हणजे ब्रेड फुगावा म्हणून पिठात घालायची रसायनं, सापडली. त्याच वर्षी ब्रोमेटवर बंदी आली. आज पाकीट उलटं करून घटक वाचा. ज्याचं वजन जास्त, त्याचं नाव आधी छापावं लागतं. पहिलं नाव मैदा असेल तर रंग कितीही तपकिरी असू दे, तो मैद्याचाच ब्रेड.

बी-१०४ काकू: मग पाकिटावर घटकांत २८२ लिहितात ते काय असतं? माझ्या भावजयीनं तर घरात ब्रेड आणणंच बंद केलंय.

डॉक्टर वैनी: कॅल्शियम प्रोपिओनेट. बुरशी धरू नये म्हणून घालतात. परवानगी आहे, ठरलेल्या प्रमाणात चालतं.

बी-३०१ सर: ते झालं. २,३०० कोण देणार?

सी-००३ काका: राकसकोप धरणाचं पाणी आज सोडलंय काय? आमच्या नळाला काही नाही.

सेक्रेटरी काका: उद्या. पाण्याचं पाण्याच्या ग्रुपवर विचारा की ओ.

बी-२०२ अक्का: मी ते १६० वालं पाकीट दुकानात बघून आले. पहिलंच नाव "ऑरगॅनिक मैदा". पुढं साखर, तेल.

ए-४०१: आणि पाकिटावर मराठीचं अक्षर नाही. निम्मं बेळगाव मराठी बोलतंय, पण

सेक्रेटरी काका: भाषेचं इथं नको. १ नोव्हेंबरला, राज्योत्सवाला, दरवर्षी भांडून होतंय. मेसेज पुसा.

ए-४०१: काय वाईट लिहिलं? खरं तेच लिहिलं.

बी-२०२ अक्का: कन्नड पण बारीकच आहे हो दादा. सगळं इंग्लिश.

ए-१०२ वैनी: अक्कांनी बरं केलं पाकीट वाचलं. मी त्या १६० वाल्यासाठी भांडतच नाहीये. सेंद्रिय हा शब्द शेताबद्दल सांगतो: रानात रासायनिक खत घातलं नाही, रासायनिक औषध मारलं नाही. ते मला महत्त्वाचं वाटतं, मनापासून. पण गव्हाचा कोंडा काढला काय, पीठ किती वेळ आंबवलं, हे त्या शब्दात येत नाही. सेंद्रिय गव्हाचा मैदा हा मैदाच. कारखान्यातला ब्रेड स्वस्त का, तेही बघा. १९६१ मध्ये इंग्लंडात चोर्लीवूडला पीठ जोरात घुसळून, सुधारक घालून झटपट फुगवायची पद्धत निघाली. आंबायला लागणारे तास वाचले, म्हणजे पैसे वाचले. पीठ रात्रभर आंबू दिलं तर कोंड्यातलं, लोह-जस्त अडवून धरणारं फायटिक ॲसिड कमी होतं, लोह-जस्त अंगी लागतं. म्हणून मी वडगावच्या त्या भट्टीचं सुचवलं होतं. गहू आणि खपलीचं (गव्हाचाच जुना प्रकार) कोंड्यासकट पीठ, पाणी, मीठ, आंबवण. एवढंच. दर ११०.

सी-००३ काका: तो ब्रेड आमच्या नातवानं खाल्ला. म्हणाला, आजोबा, ह्याच्यावर चटणी वाटता येईल.

अथणीवाले दादा: काका, खपलीतलं ग्लूटेन, म्हणजे पीठ ताणून धरणारा चिकटपणा, कमजोर, ब्रेड घट्टच होणार. त्याला नावं ठेवू नका, मला वाईट वाटतं. आमच्या चुलत्यांचं रान आहे, खपलीच करतात. दाण्याला टरफल चिकटलेलं, मळणी झाली तरी परत सडावं लागतं, त्यात घट. तांबेरा रोगाला दाद देत नाही म्हणून फवारा कमी. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं डीडीके-१०२५ सारख्या बुटक्या जाती काढल्या, तेव्हापासून पीक आडवं पडायचं कमी झालंय. पण सेंद्रियचं सर्टिफिकेट पाहिजे तर दोन वर्षं रूपांतरणाची. तोवर सेंद्रिय म्हणून भाव मिळत नाही, उतारा मात्र घटतो. भट्टीवाला पाकिटावर सेंद्रिय लिहीत नाही, कारण त्याला सर्टिफिकेट आणि सेंद्रियचं सरकारी चिन्ह लागतं. लिहीत नाही हे मला प्रामाणिक वाटतं.

बी-३०१ सर: म्हणजे सर्टिफिकेट नाही. आणि फरक अजून कोण देणार ते ठरलं नाही.

बी-१०४ काकू: खपली गव्हाच्या ॲलर्जीवाल्यांना चालते म्हणे, आमच्या भिशीत सांगालते.

डॉक्टर वैनी: अजिबात नाही काकू! खपली हाही गहूच. सिलिॲक (ग्लूटेन न सोसण्याचा आजार) असलेल्याला देऊ नका. सी-१०१ च्या बाळाला ज्वारीची भाकरीच ठेवा, सुरी-पाट वेगळा.

सी-१०१: थँक्यू वैनी. दरवेळी मलाच सांगावं लागतं, आज कुणीतरी आठवण ठेवली.

ए-४०१: मी शनिवारी चोर्ला घाटानं गोव्याला जालोय. तिथली पोई (गोव्याचा पाव) आणू काय?

सेक्रेटरी काका: १५ तारखेपर्यंत शिळी होणार. नको.

ए-१०२ वैनी: भट्टीचा ब्रेडही आदल्या संध्याकाळीच आणायचा. श्रावणातल्या हवेत तीन दिवसांत बुरशी धरतो, त्यात २८२ नाही. माझं म्हणणं, १२ भट्टीचे आणि ८ साधे घ्या. बारक्या पोरांना साधा पाहिजे असेल तर खाऊ देत. भट्टीच्या १२ ला दर ब्रेडमागं ६५ जास्त, फरक ७८०. पाहिजे त्यांनी वर्गणी घालायची, मेंटेनन्सला हात नको.

बी-२०२ अक्का: सरी, चालतंय. माझे १०० धरा.

अथणीवाले दादा: माझे २००.

ए-४०१: १०० माझे. माझा मेसेज पुसलेला नाही.

सेक्रेटरी काका: वैनी, मग आणायचं तुमच्याकडं. वर्गणी बुधवारपर्यंत. आणि भट्टीवाल्याची गाडी बी-३०१ च्या पार्किंगसमोर लावू नका, गेल्या खेपेला काय झालं माहीत आहे.

बी-३०१ सर: माहीत आहे ना? बरं. ७८० ची पावती ग्रुपवर टाका.