कॅम्पसाठी घडीची गॅस शेगडी बनवायची आहे (कोल्हापूर) – सल्ला हवा

रानवाट: नमस्कार मंडळी. आम्ही दहा-बारा जण थंडीत गाड्या घेऊन गगनबावडा, राधानगरीच्या बाजूला मुक्कामाला जातो. आतापर्यंत तीन दगडांची चूल मांडायचो. पण डिसेंबरनंतर सड्यावरचं (डोंगरमाथ्याच्या कातळ पठारावरचं) गवत पार वाळलेलं असतं, वाऱ्यानं एक ठिणगी उडाली तर डोंगरच्या डोंगर जळतो. म्हणून लाकूड बंद करायचं ठरलंय. १५ लिटरचं पातेलं बसेल, तांबडा रस्सा आणि भात दोन्ही होईल, घडी घालून डिकीत मावेल अशी शेगडी हवी. वेल्डिंग मला येतं. परदेशी व्हिडिओंत प्रोपेनची टाकी आणि पाइपला भोकं पाडून केलेला बर्नर दिसतो. तसं इथे जमेल का?

उद्यमनगरी: भावा, लाकूड बंद केलंस हे फार चांगलं केलंस. आता शेगडीचं बघू. स्टँड, पाय, आडोसा, ठेवायची पेटी, हे सगळं तू बनव. टाकी, रेग्युलेटर, नळी, जेट (गॅस सुटतो ते बारीक भोकाचं तोंड) आणि बर्नर मात्र विकतच घे, आयएसआय मार्क बघून. गॅस ज्यातनं वाहतो त्यात घरची कारागिरी नको.

त्या व्हिडिओत निव्वळ प्रोपेन असतं. आपल्याकडच्या टाकीत प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण येतं. प्रोपेन उणे ४२ अंशांवर उकळतं, म्हणून बर्फातसुद्धा दाब देतं. ब्युटेन शून्याच्या आसपास उकळतं. आपल्या थंडीत मिश्रण छान चालतं, त्यामुळे निव्वळ प्रोपेनच्या मागे लागायचं कारणच नाही. आणि त्यांचं रेग्युलेटर-जेटचं गणित आपल्या टाकीला जसंच्या तसं लावू नकोस.

पाइपला भोकं पाडून बर्नर होत नाही. जेटमधून गॅस जोरात सुटतो, सोबत हवा ओढतो, दोन्ही मिक्सिंग ट्यूबमध्ये मिसळतात, मगच निळी ज्योत मिळते. जेट ट्यूबच्या मध्यावर सरळ नसेल तर हवा कमी पडते, ज्योत पिवळी होते, भांडं काळं होतं आणि विषारी कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. बिडाचा बर्नर, ट्यूब, कॉक आणि जेट असा जुळलेला संच घे. कुठल्या रेग्युलेटरसाठी आहे ते दुकानदाराला आधी विचार. घरगुती रेग्युलेटर साधारण ३० मिलिबार दाब देतो. त्याच्यासाठीचा बर्नर हाय प्रेशर रेग्युलेटरला जोडलास तर ज्योत बर्नर सोडून वर उडते. जेट तुंबला तर बदल, त्यात तार घालून भोक मोठं करू नकोस.

स्टँडला काळा अँगल (साध्या लोखंडाची एल आकाराची पट्टी) वापर. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) नको, वेल्डिंग करताना जस्ताचा धूर नाकात जातो आणि ताप भरतो. पाय तीनच ठेव, कातळ कितीही उंचसखल असला तरी तीन पाय डुगडुगत नाहीत. फक्त ते पातेल्याच्या बुडापेक्षा बाहेर पसरू देत. भांड्याची उंची ठरवताना बर्नर आधी पेटवून बघ: ज्योतीच्या आतला गडद निळा सुळका बुडाला टेकता कामा नये.

आचारीणताई: रानवाट दादा, आमचा लग्नकार्यातल्या जेवणाचा व्यवसाय आहे, म्हणून सांगते. कोणी तुम्हाला भट्टीचा हाय प्रेशर बर्नर घ्या म्हणेल. शे-दोनशे माणसांना तो ठीक. बारा जणांना नको, कारण त्याची आच मंद होत नाही. तांबड्या रश्श्याचं कांदा-खोबऱ्याचं वाटण तळाला धरतं, नि भात खाली करपून वर कच्चा राहतो. घरगुती रेग्युलेटरवर चालणारा मोठा बर्नर घ्या. वेळ जास्त लागेल, पण चव राहील. पातेलं जाड बुडाचं घ्या.

रानवाट: ताई, नेमका भट्टीचाच बर्नर बघून ठेवला होता! मग ५ किलोची टाकी पुरेल का? आमच्याकडे एक जण २ किलोच्या बाजारातल्या टाकीत गॅस भरून देतो.

उद्यमनगरी: ती भरलेली टाकी गाडीत घेऊच नकोस. मोठ्या टाकीतनं लहान टाकीत गॅस ओतणं बेकायदा आहे, आणि किती भरला त्याचा हिशेब नसतो. द्रव फुगायला वर जागाच उरली नाही तर उन्हात टाकी फुटते. गॅस कंपन्यांची ५ किलोची टाकी एजन्सीत ओळखपत्रावर मिळते, पत्त्याचा पुरावा लागत नाही.

पुरेल का, त्याचं गणित असं. १० लिटर पाणी २० अंशांवरून उकळायला साधारण ३.३५ मेगाज्यूल उष्णता लागते. एक किलो गॅसमध्ये सुमारे ४६ मेगाज्यूल असतात. वाऱ्यात निम्मी उष्णता वाया गेली धरली तरी दीडशे ग्रॅमच्या आत काम होतं. दोन दिवसांचा मुक्काम आरामात निघेल. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं, काट्यावर ठेवून उरलेला गॅस समजतो.

टाकी उभीच ठेव, आडवी केली की गॅसऐवजी द्रव बाहेर येतो. आडोसा शेगडीला लाव, टाकी त्याच्या बाहेर. गॅस हवेपेक्षा जड असल्यानं खळग्यात आणि बंद डिकीत साठतो, म्हणून प्रवासात रेग्युलेटर काढून टोपी लाव आणि काचा थोड्या उघड्या ठेव. तंबूत शेगडी पेटवायची नाही, पाऊस आला तरी.

सड्यावरचा: पायी जाणार असाल तर यातलं काही कामाचं नाही, टाकी पाठीवर घेऊन पन्हाळा ते पावनखिंड कोण चालणार? त्यासाठी छोटं कार्ट्रिज (गॅसचा लहान डबा) आणि वर बसणारा तयार बर्नर घ्या. मात्र त्या बर्नरला चारी बाजूंनी आडोसा करू नका, खालचं कार्ट्रिज तापतं. एसटीत किंवा रेल्वेत गॅसची टाकी नेता येत नाही. दाजीपूरला जाणार असाल तर अभयारण्यात आग पेटवण्यावर १९७२ च्या वन्यजीव कायद्याची बंधनं आहेत. गॅसची शेगडी असली तरी वनविभागाला आधी विचारा.

रानवाट: सगळ्यांचे मनापासून आभार. ५ किलोची टाकी, घरगुती रेग्युलेटर आणि मोठा बर्नर असं नक्की केलं. शेवटचं एक: गळती कशी बघायची?

उद्यमनगरी: भांडी घासायचा साबण पाण्यात फेसाळ कर, शेगडीचा कॉक बंद ठेवून रेग्युलेटर चालू कर आणि ब्रशनं प्रत्येक जोडावर फेस लाव. नळीची दोन्ही टोकं, कॉक, रेग्युलेटरची बैठक, सगळीकडे. बुडबुडा वाढताना दिसला की रेग्युलेटर बंद. काडी ओढून कधीही बघायचं नाही. नळी आयएसआयची सुरक्षा नळीच घे, दीड मीटरच्या आत, मध्ये जोड नको, दोन्ही टोकांना क्लिप. टाकी घेताना वरच्या पट्टीवरची तपासणीची तारीख वाच: ‘ए’ म्हणजे मार्चअखेर, ‘बी’ जून, ‘सी’ सप्टेंबर, ‘डी’ डिसेंबर, पुढे वर्षाचे दोन आकडे. ती उलटून गेली असेल तर दुसरी टाकी माग. रेग्युलेटर तिथंच बसवून बघ, सगळ्या टाक्यांना एकच बसतो असं नाही.