मदत हवी आहे: कुरासाओ, गाडी न चालवता वेस्टपुंट

जानेवारीत आई-बाबांना घेऊन चार दिवस कॅरिबियनमधल्या कुरासाओ बेटावर जातोय. व्हिसा, विमान, मुक्काम सगळं ठरलंय; राहणार राजधानी विलेमस्टाडमध्येच, ओत्रोबांदा भागात. समोरच्या पुंडा भागातली रंगीत घरं, किल्ला आणि वाळूची जमीन असलेलं 1732 चं सिनेगॉग पायी होईल. या दोन भागांमधला तरंगता पूल जहाज आलं की अख्खा बाजूला सरकतो, तेव्हा फेरीबोट फुकट असते, हेही माहीत आहे. (बाबा त्या पुलासाठीच तयार झालेत!)

अडलंय ते बेटाच्या पश्चिम टोकाला, वेस्टपुंटकडे. मला गाडी चालवता येत नाही. बसचं वेळापत्रक पाहिलं, तिकडच्या बस फारच विरळ दिसतात. हॉटेलवाल्यांनी दिवसभराच्या टॅक्सीचा आकडा सांगितला, तो ऐकून गप्पच बसलो. आईचे गुडघे दुखतात, म्हणून क्रिस्टोफेल डोंगर यादीतून आधीच काढलाय. शेते बोका या किनाऱ्यावरच्या उद्यानात खडकांवर फुटणाऱ्या लाटा बघायच्या आणि क्नीपच्या किनाऱ्यावर तासभर बसायचं, इतकंच.

कोणी हे बसने केलंय का? शेते बोकाला उतरल्यावर लाटांपर्यंत उन्हात किती चालावं लागतं, आणि अंधार पडायच्या आत शहरात परतता येतं का?