कोट्यधीशाच्या दारात बारा वर्षांची गाडी कशाला?

पानशेत
अमेरिकी गुंतवणूकदार वॉरेन बफेंची २००६ ची कॅडिलॅक, इकियाच्या इंग्वार कांप्राद यांची १९९३ ची व्होल्वो २४०, वॉलमार्टच्या सॅम वॉल्टन यांचा १९७९ चा फोर्ड पिकअप. हे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतच असतात, आणि खाली ठरलेली ओळ: श्रीमंत असेच होतात. ती ओळ बाजूला ठेवू. पण माझ्या मते गाडी न बदलण्याचा निर्णय हिशोबाने बरोबरच आहे.

विम्याचा तक्ता बघा. गाडी सहा महिन्यांची झाली की आयडीव्हीत, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीत, १५ टक्के घट, वर्ष ओलांडलं की २०, मग ३०, ४० आणि पाचव्या वर्षात ५०. शोरूमची किंमत २५ लाख असलेली पेट्रोल गाडी वैयक्तिक नावावर घेतली तर महाराष्ट्रात १३ टक्के रोड टॅक्स, म्हणजे विमा सोडून सव्वाअठ्ठावीस लाख. चार वर्षांनी १४ लाखांना विकली असं धरा. वर्षाला साडेतीन लाखांहून जास्त हवेत गेले. तीच गाडी बारा वर्षं ठेवून ३ लाखांना काढली तर वर्षाला २ लाख १० हजार. फरक जवळपास दीड लाखाचा. त्यातून जादा दुरुस्ती वजा करा, तरी बाकी उरतेच.

तिरकस
हिशोब बरोबर, माणूस चुकला. १०० कोटींची मत्ता असलेल्याला ७ टक्क्यांनी वर्षाला ७ कोटी व्याज येतं, दिवसाला १ लाख ९२ हजार. तुमची वर्षभराची बचत त्याच्या एका दिवसाच्या व्याजात बसते आणि वर सुटे पैसे उरतात. असला माणूस दीड लाखासाठी बारा वर्षं तीच गाडी चालवतो यावर विश्वास ठेवायचा?

फोटोबाहेर काय राहतं तेही बघा. बफेंनी १९८९ मध्ये सुमारे ६७ लाख डॉलर मोजून कंपनीसाठी विमान घेतलं आणि त्याला स्वतःच नाव दिलं ‘द इनडिफेन्सिबल’, म्हणजे ज्याचं समर्थन करता येत नाही असं. कांप्राद करांपायी स्वीडन सोडून कित्येक दशकं स्वित्झर्लंडमध्ये राहिले, २०१४ ला परतले. जुनी व्होल्वो दिसते, कराचं नियोजन दिसत नाही. मालक खटारा चालवतो म्हटल्यावर पगारवाढ मागायला नोकराची जीभ रेटत नाही. एवढी स्वस्त जाहिरात दुसरी नाही.

वजाबाकी
करांचा विषय निघालाच आहे तर उलट बाजूची एक लोणकढीही निकालात काढू: “धंदेवाले दर तीन वर्षांनी गाडी बदलतात कारण टॅक्स वाचतो.”

पानशेत यांचीच २५ लाखांची गाडी कंपनीच्या नावावर घ्या. रोड टॅक्स १३ नाही, २० टक्के. म्हणजे ५ लाख, एकूण ३० लाख. गाडी माणसं नेण्याची आणि १३ आसनांपर्यंतची असेल तर जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. टॅक्सीवाले, ड्रायव्हिंग स्कूल आणि गाड्या विकणारे तेवढे अपवाद. घसारा, म्हणजे गाडीची किंमत घटते म्हणून खर्चात धरता येणारी रक्कम, १५ टक्के, तोही दरवर्षी उरलेल्या रकमेवर. पहिल्या वर्षी गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्याच्याही निम्मा. पूर्ण दराने पाच वर्षांत ३० लाखांचे वहीत १३ लाख ३१ हजार उरतात, वजावट मिळते १६ लाख ६९ हजारांची. कंपनीचा दर २५.१७ टक्के धरला तर वाचलेला कर ४ लाख २० हजार. त्यातून जादा भरलेला पावणेदोन लाख रोड टॅक्स काढा. राहिले २ लाख ४५ हजार, पाच वर्षांत मिळून. व्याज, इंधन, ड्रायव्हरचा पगार खर्चात जातात हे खरं, पण ते जुन्या गाडीचेही जातात. ज्याचा सीए बरा आहे त्याला हे कोष्टक तोंडपाठ असतं.

स्पॅनर चौदा
तिन्ही मुद्द्यांत गाडी कुठेच नाही! जुनी गाडी टिकते ती मालक काटकसरी म्हणून नव्हे, ती कमी चालते आणि बंद पडली तर दारात दुसरी उभी असते म्हणून. बफेंनीच सांगितलंय की ते वर्षाला ३,५०० मैलांच्या आसपास चालवतात, म्हणजे साडेपाच हजार किलोमीटर. आपल्याकडचा रोज कल्याणहून ठाण्याला गाडी नेणारा तेवढं चार-पाच महिन्यांत करतो.

पण कमी चालणाऱ्या गाडीचेही वेगळे आजार असतात, ते फॉरवर्डमध्ये येत नाहीत. इंजिन झिजत नाही, रबर मरतं. टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा दातेरी रबरी पट्टा) असलेल्या गाडीत बेल्टला किलोमीटरची मर्यादा असते तशी वर्षांचीही असते. मालक म्हणतो, चाळीस हजारच तर चाललीय. बेल्ट वरून धडधाकट दिसतो, दात मुळाशी तडकलेले असतात. चालत्या गाडीत तो तुटला की बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड उतरवावं लागतं. बेल्ट बदलताना टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणून मार्गावर ठेवणाऱ्या पुल्या) आणि पंप त्या बेल्टवर फिरत असेल तर वॉटर पंप एकदमच बदलायचा, कारण मजुरी सगळी तिथपर्यंत पोचण्याची असते. पंप वाचवून सहा महिन्यांनी तो गळायला लागला की तेवढीच मजुरी दुसऱ्यांदा.

तीच गत टायरची. टायरच्या बाजूवर डीओटीच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी पूर्ण शाबूत असली तरी सहा-सात वर्षांनी रबर कडक होतं, पावसात पकड सुटते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ दर्जाचं कोरं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा मुरल्यावर ती हमी १५५ वर येते. घाट उतरताना पेडल स्पंजासारखं खाली जातं ते त्यामुळे. दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालो न चालो.

याशिवाय लोअर आर्मचे बुश, इंजिन माउंटिंग, एसीची कूलिंग कॉइल, दाराच्या पट्टीचे रबर, आणि मुंबई-कोकणात चाकाच्या कमानीखालचा गंज. एकेक किरकोळ आहे, पण एकामागून एक येतात आणि दर वेळी गाडी दोन-तीन दिवस गॅरेजात. ज्याच्याकडे ड्रायव्हर आणि दुसरी गाडी आहे त्याला हे जाणवतही नाही. ज्याची एकच गाडी आहे तो सकाळी आठला रिक्षा शोधतो. जुनी गाडी परवडायलाच आधी पैसा लागतो, राव.

पानशेत
हे मान्य. माझ्या कोष्टकात गैरसोयीला रकाना नव्हता. पण तिरकस यांच्या व्याजाच्या गणिताला उत्तर आहे. तो दीड लाखाकडे बघतच नाही, तो त्रासाकडे बघतो. नवी गाडी म्हणजे शोरूमच्या फेऱ्या, पासिंग, विमा, नवीन स्क्रीनवरचे बावीस मेनू. सवयीची गाडी त्याला हाताळायला येते. बफेंच्या गाड्या त्यांची मुलगी बघायची आणि गारपिटीत पोचे आलेली, म्हणून स्वस्त मिळणारी गाडी घ्यायची, असं तिनेच सांगितलं आहे. पोचे छपराला आणि बॉनेटला, इंजिनाला काही नाही. यात दिखावा कसला?

तिरकस
ही गोष्ट जगभर सांगितली गेली, त्यातच सगळं आलं.

रेघोटी
अपघाताचे क्लेम ज्यांच्या टेबलावर येतात त्यांची बाजू मांडायला हवी, कारण इथे सगळे रुपयेच मोजतायत.

भारतात चालकाची एअरबॅग सक्तीची झाली जुलै २०१९ ला. शेजारच्या आसनाची २०२१ मध्ये आधी नव्या मॉडेलना आणि मग सगळ्यांना. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सगळ्या नव्या कारना एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांच्या बेस मॉडेलमध्ये यातलं काहीच नाही. गाड्या आदळवून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपने २०१४ मध्ये आपल्याकडच्या लोकप्रिय छोट्या गाड्यांची एअरबॅगविना मॉडेलं ठोकून पाहिली, तेव्हा शून्य तारे आले. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या एनकॅपने १९९८ ची आणि २०१५ ची कोरोला ताशी ६४ किलोमीटरने समोरासमोर आदळवली. जुनीला १६ पैकी अर्धा गुणही मिळाला नाही. दोन्हीवर नाव कोरोलाच. “जुनं लोखंड मजबूत” म्हणणाऱ्यांनी तो व्हिडिओ बघावा. पत्रा वाकला नाही तर धक्का बरगड्यांनी घ्यायचा असतो.

आता पैसे. दहा वर्षांवरच्या गाडीच्या क्लेममध्ये धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. रबर, प्लास्टिक, बॅटरी आणि एअरबॅगवर तर वय न बघता ५० टक्के. झिरो डेप, म्हणजे हा घसारा न कापणारा विमा, बहुतेक कंपन्या साधारण पाच वर्षांपर्यंतच देतात. दुरुस्तीचा अंदाज आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस. आयडीव्ही ३ लाख असेल तर ही रेघ सव्वादोन लाखांवर येते. समोरून बसलेल्या धडकेत दोन एअरबॅग, डॅशबोर्ड, सीटबेल्टचे प्रीटेन्शनर, रेडिएटर, कंडेन्सर, बॉनेट आणि दोन हेडलाइट एवढ्यात ती सहज ओलांडली जाते. हातात ३ लाख येतात आणि तशी गाडी पुन्हा मिळत नाही. कोट्यधीश स्वतःच स्वतःचा विमा असतो, म्हणून त्याला फरक पडत नाही. त्याचं बघून दुसऱ्याने करू नये.

स्पॅनर चौदा
रेघोटीताई, सुरक्षेचं पूर्ण मान्य. पण जुनी म्हणजे एअरबॅग नसलेलीच असं नाही. २०१३-१४ ची वरच्या मॉडेलची मोठी सेदान दोन ते सहा एअरबॅगसकट येते. फोटोतली माणसंही छोटी गाडी नव्हे, मोठ्या गाडीचं जुनं मॉडेल चालवतात. “साधी” आणि “जुनी” यांची गल्लत होतेय.

नीरा
एक कारण कुणीच घेतलं नाही: लपणं. नव्वदीच्या दशकात मुंबईत बिल्डर आणि व्यापाऱ्यांना खंडणीचे फोन यायचे, तेव्हा नवी परदेशी गाडी म्हणजे गुंडाच्या हातात दिलेलं पत्ता लिहिलेलं पाकीट. आता गुंड राहू द्या, १० लाखांवरची गाडी घेतली की विक्रेता १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतलेला आयकर, गोळा करतो आणि तो तुमच्या पॅनवर दिसतो. ज्याचा धंदा रोखीत चालतो तो जुनी इनोव्हा रंगवून वापरतो. त्याला साधेपणा म्हणायचं असेल तर म्हणा.

वजाबाकी
तो टीसीएस रिटर्नमध्ये वळता होतो, हे सांगायला हवं. पण दिसतो, हे खरं. आणि फक्त जुन्या गाडीमुळे कुणी नजरेतून सुटत नाही. जमीन, सोनं, परदेशवारी सगळं दिसतं.

पानशेत
मग १५ वर्षांनंतर? तिथे तरी हिशोब उलटतो का?

वजाबाकी
थोडा. नोंदणीचं नूतनीकरण फॉर्म २५ वर, दर पाच वर्षांनी. एप्रिल २०२२ पासून कारची फी ६०० वरून ५,००० झाली, ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाडीला १०,०००. उशीर केला तर महिन्याला ५०० दंड. पर्यावरण कर वेगळा. कोट्यधीशाला यातलं काही टोचत नाही. टोचतो तो आरटीओत गाडी तपासणीला नेण्याचा अर्धा दिवस, आणि तोही ड्रायव्हरचा.

स्पॅनर चौदा
त्याआधी पेट्रोल टोचतं. ई२० ला, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, चालणाऱ्या रबरी नळ्या आणि सील साधारण एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांत आले. पंधरा वर्षांच्या गाडीत टाकीपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी दरवर्षी हाताने दाबून बघायची. चिकट, फुगलेली किंवा तडकलेली लागली की नवीन टाकायची, क्लिपसकट. पेट्रोलचा वास येईपर्यंत थांबायचं नाही.

तिरकस
बफेंनी नळी दाबून बघितल्याचा फोटो कुणाकडे असेल तर टाका, मी माघार घेतो.